तेल काढलं, पण त्या जागी काय आलं?

मागच्या अंकात रक्तातल्या चरबीचा अहवाल कसा वाचायचा ते या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात: स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्यापाशी. म्हणून या महिन्याचं सदर सगळं तेला-तुपाला. माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर सोलापूरचं. आहारतज्ज्ञ म्हणून कामही सोलापुरातच करते. त्यामुळे खोबरं-मासळीचं ताट आणि शेंगाचटणी-भाकरीचं ताट, दोन्ही मला घरचीच. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

आमच्या घरी पूर्वापार करडईचं तेल आहे. शेतातली करडई गाळून आणायचो, आता विकत आणतो. हृदयाला उत्तम म्हणून डॉक्टरांनीही पूर्वी हेच सांगितलं होतं. आता मुलगा पुण्याहून सांगतो की करडई सोडा, ऑलिव्ह ऑइल वापरा. माझं वय ६६, रक्तदाब आहे. सर्वांत चांगलं तेल कोणतं, ते एकदा स्पष्ट सांगा.
— निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, करडईवर माझाही जीव आहे. आपल्याकडे रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईचे काटेरी तास असायचे, म्हणजे जनावर आत शिरत नसे. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि बियांचं तेल. सोलापूरच्या संशोधन केंद्राशी जोडलेली ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ ही वाणं तुमच्या ओळखीची असतील. तेव्हा करडईची बाजू घेऊनच सुरुवात करते.

कुठलंही तेल घेतलं तरी ते अनेक मेदाम्लांचं, म्हणजे चरबीच्या घटकांचं, मिश्रण असतं. काही मेदाम्लं संपृक्त असतात, पाकिटावर त्यांना सॅच्युरेटेड म्हणतात. ती तुपात, खोबरेल तेलात, पामतेलात जास्त. काही एकेरी असंपृक्त, त्यातलं मुख्य ओलेइक आम्ल. ऑलिव्हमध्ये ते सगळ्यांत जास्त आणि आपल्या शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मं. तिसरा गट बहुअसंपृक्त मेदाम्लांचा. त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ अशी दोन कुळं आहेत आणि दोन्ही शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. साध्या करडई तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ओमेगा-६ कुळातलं लिनोलेइक आम्ल असतो. संपृक्त भाग जेमतेम दहावा हिस्सा. ओमेगा-३ जवळपास नाहीच.

संपृक्त भाग इतका कमी म्हणूनच करडईला हृदयाचं तेल म्हटलं गेलं. तूप किंवा वनस्पती तूप काढून त्या जागी करडई आणली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल उतरतं, हे खरंच आहे. पण गोष्ट इथं संपत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात एक प्रयोग झाला. हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष त्यात होते. एका गटाला प्राणिज चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं मेद, दिलं. त्या प्रयोगाची जुनी आकडेवारी पुन्हा हाती लागल्यावर २०१३ मध्ये तिचं नव्यानं विश्लेषण झालं. करडई गटातले १७.६ टक्के लोक दगावले होते, दुसऱ्या गटातले ११.८ टक्के. कोलेस्टेरॉल उतरलं आणि तरीही माणसं जास्त गेली.

या निष्कर्षावर तज्ज्ञांत वाद आहे. त्या काळच्या मार्गारिनमध्ये घातक ट्रान्स मेद असू शकतो, हा एक मोठा आक्षेप. शिवाय सोयाबीनसारखी, ओमेगा-३ चाही अंश असलेली तेलं संपृक्त चरबीच्या जागी आणली, तिथं फायदा दिसलेला आहे. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की करडई विष नाही, पण ती एकटी, वर्षानुवर्षं, आणि ‘हृदयाला चांगली’ म्हणून सैल हातानं वापरायची गोष्टही नाही.

म्हणून ‘सर्वांत चांगलं तेल’ असं एक नाव मी सांगणार नाही. तुमच्या घरासाठी सांगते. भाजी-आमटीला शेंगदाणा आणि करडई आलटून-पालटून वापरा. एखादा महिना सोयाबीन किंवा मोहरीचं तेल आणा, त्यात ओमेगा-३ आहे. ऑलिव्ह तेल मुलानं प्रेमानं आणलं तर कोशिंबिरीवर घाला. पण तेवढ्यासाठी पेन्शनीतून खर्च करू नका. शेंगदाणा तेल त्याच्या बरंच जवळ जाणारं आहे.

आणि आता तेलाच्या नावापेक्षा महत्त्वाचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या. दिवसाला २००० किलोकॅलरींच्या आहारात वरून घातलेलं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे चहाचे सुमारे सहा चमचे, फोडणी, पोळीला लावलेलं, तळण, तूप, लोणी सगळं धरून. महिन्याला माणशी ८१० ग्रॅम, म्हणजे ९०० मिलिलिटरच्या आत. चार माणसांच्या घरात साडेतीन लिटर. तुमच्या घरी महिन्याचा डबा किती लिटरचा येतो आणि जेवणारी तोंडं किती, ते पाहून भागाकार करा. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हा आकडा सहसा ठरलेल्यापेक्षा वरच निघतो, आणि तो पाहिल्यावर कुठलं तेल हा वाद आपोआप मागे पडतो.

मिस्टरांचं वय ४८. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून आम्ही सहा महिन्यांपासून स्वयंपाकात तेल पूर्ण बंद केलं. पाण्यात भाज्या शिजवते. फोडणी नाही, तूप नाही, दाणे नाहीत. वजन थोडं कमी झालं. पण परवाच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड १७८ वरून २४६ वर गेलं आणि चांगलं कोलेस्टेरॉल ३३ वर आलं. एवढं करून असं का व्हावं? ते आता चिडून म्हणतात, पुन्हा सगळं खातो.
— एक गृहिणी, नागपूर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा महिने बिनफोडणीचं जेवण करून वाढणं आणि जेवणं सोपं नाही. त्यांचा राग मला समजतो.

तुम्ही सोबत त्यांच्या खाण्याचा तक्ता पाठवलात ते फार बरं केलं, उत्तर त्यातच आहे. सकाळी बिनतेलाचे मुरमुरे आणि गोड चहा. अकराला संत्र्याचा रस. दुपारी पूर्वी दोन पोळ्या आणि वाटीभर भात असायचा, आता पोळ्या चार. संध्याकाळी ‘लाइट’ म्हणून बिस्किटं. रात्री पुन्हा भात. तेल गेलं, पण त्या जागी पीठ आणि साखर आली.

जास्तीच्या साखरेचं आणि पिष्टाचं यकृत चरबीत रूपांतर करतं. ते मुख्यतः पामिटिक आम्ल बनवतं, म्हणजे पामतेलात भरपूर असणारं तेच संपृक्त मेदाम्ल. मग ते ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. म्हणून ताटात तेलाचा थेंब नसतानाही रक्तातली चरबी वाढते. ट्रायग्लिसराइड वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली ही जोडी आपल्या भारतीयांत मुळातच फार आढळते, आणि पोट सुटलेलं असेल तर आणखी.

दुसरी बाजू. मेद मुळीच नको, असं शरीराचं म्हणणं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतीपत्नीनं १९२९ मध्ये उंदरांना पूर्ण मेदरहित आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपट्या खवल्या धरून सोलवटल्या, मूत्रपिंडं बिघडली. आहारात थोडं लिनोलेइक आम्ल दिल्यावर ते सुधारले. काही मेदाम्लं जीवनसत्त्वांइतकीच अत्यावश्यक आहेत हे तिथून कळलं. तुमच्या मिस्टरांना तशी कमतरता झाली असेल असं मला वाटत नाही. गहू, डाळी, दूध यांतूनही थोडा मेद जातोच. पण पालक-गाजरातलं कॅरोटिन, तसंच अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला मेद लागतो. पाण्यात शिजलेल्या पालकातून ते कमीच मिळतं.

आता काय करायचं ते सांगते. दिवसाला चार चमचे तेल परत सुरू करा, त्यांचं आवडतं मोहरी-हिंगाचं वरण होऊ द्या. रोज मूठभर शेंगदाणे किंवा बदाम-अक्रोड द्या. पोळ्या दोनवर आणा, भात एकाच वेळी ठेवा. उरलेल्या भुकेला उसळ, डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. संत्रं सोलून खायचं, रस बंद. बिस्किटं घरात आणूच नका. ते दारू घेत असतील तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगायला लावा. ट्रायग्लिसराइडवर तिचा थेट परिणाम होतो आणि पत्रात तिचा उल्लेख नाही. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. तीन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, माझ्याही नाही.

सासूबाई ७४ वर्षांच्या, रोज दोन्ही वेळा तूप आणि पेलाभर म्हशीचं दूध घेतात, त्यांचे रिपोर्ट बरे आहेत. त्या म्हणतात, तुपानं काही होत नाही, उलट कोलेस्टेरॉल उतरतं. माझं एलडीएल मात्र १६२ आलंय. मी तूप खाऊ की नको?
— कोल्हापूर

सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांची प्रकृती चांगली आहे याचा आनंद आहे, आणि या वयात त्यांच्या पानातलं तूप कुणी काढू नये. पण एकाच घरात दोन माणसांची यकृतं वेगळी वागतात. संपृक्त मेदानं रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याची यकृताची क्षमता कमी होते. कुणात हा परिणाम थोडा दिसतो, कुणात बराच, आणि त्याला आनुवंशिक कारणं असतात.

तुमचा हिशोब मांडू. २००० किलोकॅलरींच्या आहारात संपृक्त मेद १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो येतो २२ ग्रॅम. तुपाच्या लहान चमच्यात सुमारे ३ ग्रॅम संपृक्त मेद असतो. दोन चमचे म्हणजे ६ ग्रॅम. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं दूध चवीला अमृत आहे, पण त्याच्या ३०० मिलिलिटरमध्ये १९-२० ग्रॅम मेद असतो, त्यातला १२ ग्रॅमच्या आसपास संपृक्त. भाजीच्या तेलातून आणखी तीन-चार ग्रॅम. मर्यादा इथंच भरली. पनीर, मटणाचा रस्सा, बेकरीतलं काही घेतलं तर ओलांडली.

म्हणून माझं उत्तर असं: वरणभातावरचा एक चमचा तूप ठेवा. दूध साय काढून किंवा गायीचं घ्या. चहासाठी वेगळं घट्ट दूध ठेवू नका. पांढऱ्या रश्शात खोबरं-काजू-तीळ असतात, तो रविवारचा असू दे. तीन महिन्यांनी एलडीएल पाहा. तरीही ते १६० च्या वर राहिलं, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. तुपानं कोलेस्टेरॉल उतरतं, हे म्हणणं मात्र स्वीकारू नका.

लाकडी घाण्याचं तेल रिफाइंडच्या दुप्पट भावानं घेतो. खरंच फरक असतो का?
— सातारा

चवीत आणि वासात मोठा फरक असतो. ई जीवनसत्त्व आणि इतर काही उपयुक्त अंश घाण्याच्या तेलात जास्त टिकतात. मेदाम्लांच्या प्रमाणात मात्र फरक जवळजवळ नसतो. शेंगदाणा घाण्यातून काढा की कारखान्यातून, ओलेइक तेवढंच आणि लिनोलेइक तेवढंच. एक काळजी घ्या. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार होतं. शुद्धीकरणात ते निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं. घाणेवाल्याकडचे दाणे डोळ्यांनी पाहा. कळकट, सुरकुतलेले, काळे-हिरवट दाणे दिसले तर तिथून घेऊ नका. परवडत असेल आणि चव आवडत असेल तर खुशाल वापरा, चमचे मात्र तेवढेच. आणि पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून जास्त पैसे देऊ नका. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं.

मॅडम, माझी वडापाव-भजीची गाडी आहे. कढईतलं तेल रोज टाकणं परवडत नाही. उरलेल्यात नवीन ओतून चालवतो, सगळेच तसं करतात. पण शाळेची पोरं खातात, माझी पोरंही तेच खातात. तेल किती वेळा वापरलं तर चालतं?
— पंढरपूर

दादा, हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात याचं मला फार मोल वाटतं. सविस्तर सांगते.

‘किती वेळा’ याचं एकच उत्तर नाही. तेल किती तापलं, किती वेळ तापत राहिलं, त्यात काय तळलं, यावर ते ठरतं. तापलेल्या तेलात हवा, पाणी आणि उष्णता मिळून मेदाम्लं तुटतात, एकमेकांना चिकटतात, नवी संयुगं तयार होतात. त्यातल्या ध्रुवीय संयुगांवर सरकार मोजमाप लावतं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल तळायला वापरणं नियमात बसत नाही. हे मोजायचं हातातलं यंत्र मिळतं, पण ते महाग. तुमच्या हाताशी चार खुणा आहेत: वडा सोडल्यावर फेस येऊन तो लवकर न बसणं, नेहमीच्या आचेवर धूर येणं, तेल काळपट होणं आणि बोटाला चिकट, दाट लागणं. यातली एकही दिसली तर ते तेल संपलं.

नवं तेल जुन्यात ओतणं आधी थांबवा. जुन्यात तयार झालेली संयुगं नव्यालाही लवकर बिघडवतात. त्याऐवजी लहान कढई घ्या, म्हणजे मुळात तेल कमी लागेल आणि दिवसभरात बरंचसं वड्यांतच निघून जाईल. बेसनाचा चुरा सतत झाऱ्यानं काढा, जळका चुरा तेल फार लवकर खराब करतो. मीठ कढईवर भुरभुरू नका. मिरच्या तळून मीठ लावायचं ते ताटात लावा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा आच बारीक करा. धूर निघेपर्यंत तापवण्याची गरज नाही, १७०-१८० अंशांना वडा उत्तम तळला जातो. पितळी कढई तळणाला नको, तांब्याच्या अंशानं तेल लवकर खवट होतं. रात्री तेल निवल्यावर फडक्यानं गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा.

तेल कुठलं, तर तळणाला शेंगदाणा सूर्यफुलापेक्षा बरं टिकतं. पामोलिनही टिकाऊ आहे आणि स्वस्त, पण त्यात संपृक्त मेद पुष्कळ. वनस्पती तूप मिसळू नका. आता नियमानं त्यातल्या ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पूर्वीइतकं ते वाईट उरलेलं नाही, तरी वड्याला त्याची गरज काय? ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि चांगलं कोलेस्टेरॉल उतरवतो, असा दुहेरी मार बाकी कुठल्या मेदाचा नाही.

उरलेलं काळं तेल गटारात ओतू नका आणि स्वस्तात मागणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्यालाही देऊ नका. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करणाऱ्यांसाठी ते गोळा करण्याची योजना याच प्राधिकरणानं चालवली आहे. तालुक्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाकडे संकलन करणाऱ्याचा पत्ता विचारा. त्याचे थोडे पैसेही मिळतात. गाडीवर पाटी लावा की इथं खराब झालेलं तेल वापरलं जात नाही. पंढरपुरात वारकरी येतात, ती पाटी वाचून थांबतील.

दोन पत्रं एकत्र घेते. चिपळूणचे एक वाचक विचारतात: ‘मुलीनं फिश ऑइलच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या, महिन्याचा खर्च बराच आहे. घ्याव्यात का?’ वर्ध्याच्या एक ताई: ‘आम्ही शाकाहारी. ओमेगा-३ कुठून आणायचं? जवसाचं तेल बाटलीत मिळतं, त्यात भाजी केली तर चालेल का?’

चिपळूणच्या काकांना आधी. तुमच्या बाजारात तारली आणि बांगडा येतो ना? मग गोळ्यांचे पैसे तिथं घाला. माशांतल्या लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांच्या बाबतीत ही दोन स्वस्त मासळी पापलेटाच्या पुढे आहेत. पाऊस ओसरल्यावरच्या महिन्यांत तारली अंगानं तेलकट होते, तेव्हा ती सोडू नका. आमच्या वेंगुर्ल्याकडे तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करतात, तव्यावर रव्यात घोळवून तळण्यापेक्षा ते उत्तम. आठवड्यातून दोनदा पुरे. खारवलेली सुकी मासळी मात्र यात मोजू नका, रक्तदाब असेल तर मिठाचा भार होतो.

गोळ्यांचं असं आहे. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला, तिथून माशाच्या तेलाची ख्याती पसरली. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ निरोगी प्रौढ होते. रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयरोगानं होणारे मृत्यू यांचा एकूण आकडा लक्षणीय उतरला नाही, हे २०१८ मध्ये जाहीर झालं. फार वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी डॉक्टर मोठ्या मात्रेत शुद्ध औषध देतात, ती वेगळी गोष्ट. त्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो. दुकानातल्या ‘१००० मिलिग्रॅम’च्या गोळीत उपयोगाची ईपीए आणि डीएचए ही माशांतली ओमेगा-३ मेदाम्लं मिळून बहुतेकदा ३०० मिलिग्रॅमच असतात, पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं.

वर्ध्याच्या ताईंना: तुमच्या विदर्भात जवस असताना दूर जायला नको. बीच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३. कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात दीड ग्रॅमहून अधिक मिळतं, दिवसाची गरज साधारण एवढीच आहे. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटायलाच हवं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, तिखट, मीठ घालून चटणी करा, आठवडाभरापुरतीच. जवसाच्या तेलात भाजी करू नका. हे तेल हवेत आणि उष्णतेत इतकं लवकर बदलतं की रंगकामात वाळणारं तेल म्हणून ते वापरलं जातं. आणायचंच तर लहान काळी बाटली, फ्रिजमध्ये, भाकरीवर कच्चं घ्यायला. रंगासारखा वास आला की टाकून द्या.

एक खरं आहे की जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग शरीर डीएचएमध्ये बदलू शकतं. घरात गरोदर बाई असेल, तर शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या शाकाहारी गोळ्यांबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. मासेही ते मेदाम्ल मुळात शेवाळातूनच मिळवतात.

दिवाळीच्या शिध्यात पामतेल मिळालं होतं. आता बाजारातूनही तेच सुटं घेतो, स्वस्त पडतं. गावात सगळेच ते खातात. वाईट आहे का?
— हिंगोली

२०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ १०० रुपयांत मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. सणाच्या लिटरभर तेलानं कुणाचं काही बिघडत नाही, करंज्या-चकल्या झाल्या हे महत्त्वाचं. पण तुम्ही आता वर्षभर तेच वापरता, म्हणून उत्तर वेगळं. पामतेलातला जवळजवळ निम्मा भाग संपृक्त असतो. ते वनस्पती तुपापेक्षा बरं आहे, शेंगदाणा-सोयाबीनपेक्षा नाही.

यावर मला मॉरिशसची गोष्ट सांगावीशी वाटते. आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहतात. त्या देशात सरकारी अनुदानाचं शिध्याचं तेल बहुतांशी पामतेल असायचं. १९८७ मध्ये सरकारनं ठरवलं की ते आता पूर्ण सोयाबीनचं द्यायचं. लोकांच्या रक्तातलं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल आपल्या मोजमापात २१३ च्या आसपास होतं, ते १९९२ पर्यंत १८२ च्या आसपास आलं. त्यात धूम्रपान आणि दारू कमी होणं, व्यायाम वाढणं असे इतर बदलही होते, पण तेलाचा वाटा मोठा धरला जातो. तेलापुरतं कुणालाही वेगळं पथ्य सांगावं लागलं नाही, रेशनच्या दुकानातला डबा बदलला. आपल्या राज्यातल्या शिध्याबद्दल, शाळेतल्या पोषण आहाराच्या तेलाबद्दल निर्णय घेणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. गरिबाला तेल निवडायची सोय नसते, ती निवड त्याच्या वतीनं कुणीतरी केलेली असते.

तुमच्यासाठी सध्या: सुटं तेल घेऊ नका, त्यात भेसळ कळत नाही. सोयाबीन तुमच्याच जिल्ह्यात पिकतं, त्याचं पाकीटबंद तेल घ्या. भाव जास्त वाटला तर महिन्याला अर्धा लिटर कमी आणा, पैशांचा मेळ बसतो. बिस्किटं, खारी, फरसाण यांत पामतेल असतंच, ते कमी झालं तर तिथंही बचत होईल.

बाळ अकरा महिन्यांचं आहे. आमच्या दोघांच्या घरात मधुमेह-हृदयविकार आहे, म्हणून बाळाला तेल-तूप न देता वाढवायचं ठरवलंय. बरोबर ना?
— ठाणे

नाही. कृपया आजच बदला. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा मेदातूनच येते, आणि मेंदूची वाढ या काळात सर्वांत वेगानं होते. दोन वर्षांपर्यंत मेद कमी करायचा नसतो. बाळाचं पोट लहान, तेवढ्याशा खिमटीत पुरेशी ऊर्जा बसवायची तर मेद हवाच. प्रत्येक वाटी वरणभात किंवा नाचणीच्या खिमटीत एक लहान चमचा तूप किंवा तेल घाला, आज तूप, उद्या शेंगदाणा तेल. अंड्याचा शिजवलेला पिवळा बलक आणि काटे काढून कुस्करलेला मासा घरात चालत असेल तर द्या. दूध साय काढलेलं नको. साखर आणि मीठ मात्र अजून लांबच ठेवा. घराण्यातल्या मधुमेहाची काळजी असेल तर ती या दोन ठिकाणी घ्यायची. दाण्याचं कूट खिमटीत चालेल, आधी अगदी थोडं देऊन अंगावर पुरळ येत नाही ना ते पाहा. अख्खे दाणे, बदाम, काजू पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात.